पी०१७१: ऑक्सिजन सेन्सर बदलायच्या आधी ट्रिम बघा

तुमचा प्रश्न वाचला. तो नऊ हजाराचा ऑक्सिजन सेन्सर अजून घेऊ नका, चार दिवस थांबलात तर काही बिघडत नाही.

बाकी वाचणाऱ्यांना कळावं म्हणून तुम्ही लिहिलेलं थोडक्यात परत मांडतो. २०१३ ची दीड लिटर पेट्रोल सेडान, ८६ हजार किलोमीटर झालेली, चेक लाइट लागला म्हणून स्कॅनर लावला तर पी०१७१, म्हणजे बँक वन सिस्टिम टू लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. कोड उडवला की चार दिवसांनी परत हजर. सकाळी स्टार्ट केल्यावर आरपीएम थोडा वेळ वरखाली होतो, अ‍ॅव्हरेज पंधरावरून तेरावर आलंय, एअर फिल्टर आणि प्लग बदलून झाले पण फरक शून्य, आणि आता गॅरेजवाले म्हणतात ऑक्सिजन सेन्सर गेलाय. सोबत मोबाइल अ‍ॅपचा फोटो, त्यात इंजिन गरम असताना आयडलिंगला लाँग टर्म ट्रिम (पेट्रोल किती टक्के वाढवलं-घटवलं तो आकडा, पुढे नीट सांगतो) +२१, शॉर्ट टर्म +४ आणि एमएएफ (आत येणारी हवा) १.६ ग्रॅम पर सेकंद. हा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत, नाहीतर लोक नुसतं "चेक लाइट लागलाय, किती खर्च येईल" एवढंच विचारतात आणि त्यावर कोण काय सांगणार.

साताऱ्यात माझं छोटं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली, आणि सुरुवातीच्या काळात हा कोड आला की मी पण सेन्सरच बदलायचो. तेव्हा स्कॅनर फक्त कोड दाखवायचा, त्यात ऑक्सिजन सेन्सरचा उल्लेख असायचा, आणि गिऱ्हाईकाला पण काहीतरी नवीन पार्ट बसवला की बरं वाटायचं. आठवड्याने गाडी परत यायची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसला प्रकार. आमटी आळणी झालीय हे जीभ सांगते, म्हणून कोणी जीभ बदलायला जात नाही, मीठ कुठे कमी पडलं ते बघतो. इथे ऑक्सिजन सेन्सर म्हणजे जीभ. तो सायलेन्सरच्या पाइपात बसून सांगतोय की धुरात ऑक्सिजन जास्त उरलाय. त्याचं काम तो करतोय म्हणूनच तर कोड आलाय. सेन्सर खरंच मेला असेल तर बहुतेक वेळा त्याचे वेगळे कोड येतात, पी०१३० पासून पुढचे, हीटर गेला असेल तर पी०१३५ वगैरे. क्वचित सेन्सर खोटं पण बोलतो, ते कसं पकडायचं ते पुढे सांगतो, दोन मिनिटांचं काम आहे.

आता ट्रिम म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण सगळा खेळ तिथेच आहे. शुद्ध पेट्रोल नीट जळायला एक ग्रॅम पेट्रोलला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, एअरफ्लो सेन्सरला (एमएएफ तो हाच) विचारतो किती हवा आली, त्या हिशोबाने इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतो, आणि मग ऑक्सिजन सेन्सरकडून खात्री करून घेतो की जमलं का. कमी पडलं तर थोडं वाढवतो, जास्त झालं तर कमी करतो. ही जी लगेचची वाढ-घट ती शॉर्ट टर्म ट्रिम, आणि तीच तीच वाढ रोज करावी लागली की ईसीयू ती लाँग टर्ममध्ये जमा करून ठेवतो. दोन्हीची बेरीज करायची. तुमच्या गाडीत २१ आणि ४, म्हणजे ईसीयू त्याच्या हिशोबापेक्षा २५ टक्के जास्त पेट्रोल ओततोय तेव्हा कुठे मिक्श्चर बरोबर होतंय. चांगल्या गाडीत ही बेरीज उणे ५ ते अधिक ५ मध्ये असते, १० पर्यंत मी काही बोलत नाही, आणि २०-२५ च्या आसपास गेलं की बहुतेक ईसीयू हात टेकतात आणि दिवा लावतात. तो पण लगेच नाही, बहुतेक गाड्यांत लागोपाठ दोन फेऱ्यांत तोच प्रकार दिसला तर. त्यामुळे कोड उडवल्यावर चार दिवस दिवा लागला नाही म्हणजे गाडी बरी झाली असं नसतं, ट्रिम शून्यावरून परत चढायला आणि खात्री करायला तेवढे दिवस लागतात एवढंच.

त्यामुळे कोड उडवण्याआधी फ्रीझ फ्रेम बघायची सवय लावून घ्या. कोड पडला त्या क्षणाचे आकडे ईसीयू फोटो काढल्यासारखे जपून ठेवतो, आरपीएम किती होता, स्पीड किती, इंजिन गरम होतं का गार, लोड किती. आणि कोड उडवला की तो फोटो पण जातो. तुमच्या गॅरेजवाल्यांनी दोनदा उडवला, दोन्ही वेळा कोणी बघितलं नाही. पुढच्या वेळी दिवा लागला की आधी तुमच्या डोंगलने (अ‍ॅपला गाडी जोडणारा स्कॅनर) तेवढं लिहून घ्या, मग काय ते करा.

आता खरी परीक्षा. तुमचे आकडे फक्त आयडलिंगचे आहेत, मला अजून दोन ठिकाणचे हवेत. इंजिन पूर्ण गरम, एसी बंद, गाडी न्यूट्रलला, २५०० आरपीएमवर पाय स्थिर ठेवून अर्धा मिनिट, आणि दोन्ही ट्रिम वाचा. मग घाटात किंवा चढावर तिसऱ्या गिअरमध्ये नीट जोर लावून, पण तेव्हा मोबाइल शेजारच्याच्या हातात द्या, स्वतः बघत बसू नका.

आयडलला ट्रिम खूप चढलेली आणि २५०० ला खाली आली, तर कुठूनतरी हवा चोरून आत येतेय. का ते तुमच्याच आकड्यांनी दाखवतो. दीड लिटरचं गरम इंजिन आयडलिंगला सेकंदाला साधारण दोन ग्रॅम हवा घेतं. तुमचा एमएएफ सांगतोय १.६. समजा बाकीची ०.४ ग्रॅम एखाद्या फाटलेल्या होजमधून, म्हणजे एअरफ्लो सेन्सरला न कळता आत शिरतेय. ईसीयू बिचारा १.६ च्या हिशोबाने पेट्रोल देतो, आणि १.६ ला ०.४ म्हणजे बरोबर पाव, पंचवीस टक्के. तुमची बेरीज पण २५. आता रेस २५०० वर नेली की इंजिन आठेक ग्रॅम हवा घ्यायला लागतं पण भोक तेवढंच राहतं, त्यातून येणारी हवा पण जवळपास तेवढीच, म्हणजे ७.६ ला ०.४, पाच टक्के. ट्रिम पाच-सहावर येणार. असं झालं तर समजा चोर घरातच आहे, आणि माझा अंदाज तुमच्या बाबतीत हाच आहे, सकाळी आरपीएम वरखाली होणं पण त्याच्याशीच जुळतं. पण अंदाज तो अंदाज, २५०० चा आकडा आल्याशिवाय मी पैज लावणार नाही.

हवा कुठून चोरतेय ते शोधायचं म्हणजे संयमाचं काम. मागच्या वर्षी एका रिटायर गुरुजींची १.८ लिटरची जुनी सेडान आली होती, दुसरीकडे ऑक्सिजन सेन्सर आणि एअरफ्लो सेन्सर दोन्ही नवे टाकून झालेले, बिलं फाइलला व्यवस्थित लावलेली, कोड तसाच. आयडलला बेरीज +२४, २५०० ला +६. म्हणजे हवाच. वरून दिसणारे सगळे होज बघितले, कडक होते पण चिरलेले नव्हते. मग बोनेट उघडं ठेवून, इंजिन आयडलला, रेडिएटरचा फॅन बंद असताना अगरबत्ती पेटवली आणि सावकाश इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या, कडेने फिरवली. धूर सरळ वर जात होता, सरळ वर जात होता, आणि मॅनिफोल्डच्या मागे फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूला गेलो तसा एकदम वाकडा होऊन खाली ओढला गेला, कोणी श्वास आत घ्यावा तसा. तिथे पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनच्या पोटातल्या (क्रँककेसमधल्या) वाफा परत इनटेकमध्ये नेणाऱ्या लाइनचा, रबरी एल्बो होता. वरून बघितला तर काळा कुळकुळीत, नवा वाटावा. बोट खालून घातलं तर रबर तेलाने फुगून चिकट झालेलं, शिळ्या खरवसासारखं, आणि दाबलं तर बोट आरपार. नवा एल्बो पावणेदोनशे रुपयांचा. बदलला, ट्रिम +३. गुरुजींनी तो फाटका एल्बो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरी नेला, म्हणाले फाइलला लावतो.

तेव्हा खालची बाजू बोटाने चाचपल्याशिवाय होज चांगला आहे असं म्हणायचं नाही. आरसा आणि टॉर्च घ्या.

अगरबत्तीचं सांगितलं पण बोनेटखाली पेट्रोलचा वास येत असेल तर अजिबात पेटवायची नाही, आणि स्प्रे मारणार असाल तर अगरबत्ती घरात देवापुढेच राहू द्या, दोन्ही एकत्र कधीच नाही. कार्ब क्लीनरचा स्प्रे मारून पण शोधतात, गळतीवर मारला की ते इंजिनात जातं आणि आरपीएम बदलतो किंवा शॉर्ट टर्म ट्रिम झपकन खाली येते. पण गरम एक्झॉस्टवर तो पेट घेतो, मी स्वतः एकदा भुवया जाळून घेतल्यात, त्यामुळे घरी करणाऱ्याला मी सांगतो सरळ साध्या पाण्याची स्प्रे बाटली घ्या, वायरिंग आणि कॉइल वाचवून हलका फवारा मारा, गळती असेल तिथे पाणी ओढलं जाऊन आवाज क्षणभर बदलतो. त्याहून सोपं म्हणजे एकेक व्हॅक्यूम होज पक्कडीला कापड गुंडाळून चिमटायचा आणि शॉर्ट टर्म ट्रिमवर नजर ठेवायची. ज्याला चिमटल्यावर ती पटकन खाली येते तो होज किंवा त्याच्या टोकाला जे काय आहे ते दोषी. लाँग टर्म लगेच हलत नाही, त्यामुळे ती बघून निराश होऊ नका.

कुठे कुठे बघायचं तर, एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटलपर्यंत जो पन्हाळी पडलेला रबरी पाइप असतो त्याच्या घड्या ताणून बघा, चीर घडीत लपते, आणि तुम्ही नुकताच एअर फिल्टर बदललाय तर त्याची जुबिली क्लिप नीट बसलीय का ते सगळ्यात आधी. ब्रेक बूस्टरचा होज, आयडलला ब्रेक दाबून धरल्यावर फुस्स आवाज आला किंवा आरपीएम आणि ट्रिम बदलली तर बूस्टरचा डायाफ्राम. पर्ज व्हॉल्व्ह, टाकीतली पेट्रोलची वाफ कॅनिस्टर नावाच्या डब्यातून इंजिनात सोडतो तो, याला लोक विसरतात, गरम इंजिनाला आयडलिंगवर त्याचा कॅनिस्टरकडून येणारा पाइप काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवा, सतत जोरात ओढत असेल तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय, नीट चालणारा व्हॉल्व्ह अधूनमधून टिकटिक करत थोडं ओढतो किंवा काहीच ओढत नाही. डिपस्टिक नीट बसलीय का आणि ऑइल फिलरचं झाकण घट्ट आहे का, हसू नका, सर्व्हिसिंगनंतर आलेल्या गाड्यांत मी हे दोनदा पकडलंय, क्रँककेसमधून पीसीव्हीवाटे हवा ओढलीच जाते, तिथे भोक म्हणजे मॅनिफोल्डलाच भोक. इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग, विशेषतः फक्त थंडीत सकाळी कोड येत असेल आणि गरम झाल्यावर ट्रिम बरी दिसत असेल तर, कारण प्लॅस्टिकचा मॅनिफोल्ड आणि जुनं कडक झालेलं रबर गार असताना आकसतं आणि गरम झालं की परत बसतं. आणि उंदीर. पावसाळ्यात बोनेटखाली ऊब शोधत येतात आणि होज कुरतडतात, इंजिनच्या कव्हरवर लेंड्या दिसल्या तर आधी सगळे होज तपासा मग बाकी.

काहीच सापडलं नाही तर स्मोक मशीनवाल्याकडे न्या, ते इनटेकमध्ये कमी दाबाने धूर भरतात आणि जिथून निघतो तिथे टॉर्च मारतात. पण एक, कोणी कॉम्प्रेसरची सरळ हवा मारायला लागला तर हात धरा, त्या दाबाने चांगले असलेले सील आणि पीसीव्हीचे डायाफ्राम पण फाटतात, स्मोक टेस्टला एक पीएसआयच्या आसपास पुरतं.

आता उलटं चित्र. आयडलला ट्रिम ठीक, २५०० ला थोडी चढली, आणि घाटात जोर लावला की अजून वर. हे झालं तर हवेच्या मागे लागू नका, एकतर पेट्रोल कमी पडतंय नाहीतर एअरफ्लो सेन्सर हवा कमी सांगतोय. यातला फरक ओळखायला फुल थ्रॉटलला पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज बघा. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये ०.१ म्हणजे लीन, ०.९ म्हणजे रिच (पेट्रोल जास्त), आणि पूर्ण पाय दाबल्यावर ईसीयू मुद्दाम रिच चालवतो म्हणून ते ०.८५ च्या वर जाऊन टिकायला पाहिजे. ते जर ०.२ वर पडलं तर इंजिनाला पेट्रोल मिळत नाहीये, आणि अशी गाडी घाटात रेमटवू नका, नुकसान तिथेच होतं.

अशी एक टॅक्सी आली होती, खंबाटकीच्या चढावर पिकअप जातो अशी तक्रार. आयडलला +४, चढावर +२५ आणि फुल थ्रॉटलला ०.१५ व्होल्ट. पंप गेला असं सरळ दिसत होतं, मालकाने नवा पंप आणून पण ठेवला होता. मी गेज लावला तर प्रेशर साडेतीन बारच्या जागी अडीच. तरी सवयीने पंपाच्या कनेक्टरवर मीटर लावला, इंजिन चालू असताना, तर ९.८ व्होल्ट. बॅटरीवर १४. कनेक्टर काढला तर एक पिन तपकिरी होऊन प्लॅस्टिक वितळलेलं. पिन बदलली, अर्थिंग साफ केलं, प्रेशर जागेवर. नवा पंप त्याने परत केला. पंप बदलायच्या आधी पंपापर्यंत पोचणारं व्होल्टेज बघायचं, हे मी तेव्हापासून पोरांना कानीकपाळी ओरडून सांगतो. बाकी या बाजूची कारणं नेहमीचीच, टाकीतला चोक झालेला फिल्टर, प्रेशर रेग्युलेटर, कचरा धरलेले इंजेक्टर. एकच इंजेक्टर चोक असेल तर बहुतेक त्याच सिलिंडरचं मिसिंग, म्हणजे मिक्श्चर न जळणं, पण सोबत दिसतं.

एअरफ्लो सेन्सरची तार मळली की तो बऱ्याचदा आयडलला बरोबर किंवा जरा जास्तच सांगतो आणि हवा वाढली की कमी सांगायला लागतो. तेल लावायचे जे धुऊन वापरायचे फिल्टर मिळतात ना, ते वापरणाऱ्यांच्या गाड्यांत हे जास्त दिसतं, तेलाचा थर तारेवर बसतो. साफ करायला फक्त त्यासाठीचाच एमएएफ क्लीनर, लांबून फवारायचा, वाळू द्यायचा, कापसाची काडी किंवा ब्रश लावायचा नाही, ती तार केसासारखी असते. अंदाज घ्यायचा एक ठोकताळा सांगतो, फुल थ्रॉटलला वरच्या आरपीएमला जितके ग्रॅम दिसतात ते गाडीच्या हॉर्सपॉवरच्या साधारण ०.८ पट असावेत. ११८ हॉर्सपॉवरच्या गाडीत नव्वद-पंचाण्णव. साठ-पासष्टवरच अडकत असेल तर तार मळलीय किंवा सायलेन्सर तुंबलाय.

मारुतीच्या बऱ्याच के-सिरीज इंजिनांसारख्या ज्या गाड्यांत एअरफ्लो सेन्सर नसून मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) असतो त्यांच्या मालकांनी वरचं हवेचं गणित जसंच्या तसं लावू नये. तिथे चोरून आलेली हवा पण मॅनिफोल्डचं प्रेशर वाढवते, मॅपला ते कळतं, ईसीयू पेट्रोल पण वाढवतो, त्यामुळे ट्रिम फारशी न चढता आयडलचा आरपीएमच वर जाऊन बसतो. अशा गाडीत पी०१७१ आला तर मी आधी पेट्रोलचं प्रेशर बघतो. तुमच्या फोटोत एमएएफचा आकडा आलाय म्हणजे तुम्हाला हे लागू नाही.

आता सेन्सर खोटं बोलण्याबद्दल. तीन प्रसंगी तो लीन सांगतो पण इंजिन लीन नसतं. एक, सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला गळती, मॅनिफोल्डचं पॅकिंग फुंकलेलं किंवा पाइपला चीर. धूर धक्क्याधक्क्याने बाहेर जातो आणि मधल्या पोकळीत बाहेरची हवा आत खेचली जाते, सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, ईसीयू उगाच पेट्रोल वाढवत जातो. गार इंजिनाला सुरुवातीला टकटक आवाज, गरम झाल्यावर कमी, आणि जोडावर काळा धुराचा डाग ही खूण. प्लग काढले तर काळे निघतात, लीन गाडीचे प्लग काळे कसे असतील? तुम्ही जुने प्लग टाकले नसतील तर रंग बघून सांगा. दोन, मिसिंग. जळलंच नाही तर त्या सिलिंडरचा सगळा ऑक्सिजन तसाच बाहेर येतो, म्हणून पी०३०१, ०३०२ असे कोड सोबत असतील तर आधी कॉइल आणि प्लग. आणि तीन, सेन्सर खरंच म्हातारा झालाय.

तो तपासायचा असा. इंजिन गरम, आयडल, अ‍ॅपवर पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज लावा. एक छोटा व्हॅक्यूम होज क्षणभर काढा, व्होल्टेज ०.२ च्या खाली पटकन पडलं पाहिजे. परत लावा, आणि आता थोडासा कार्ब क्लीनर आत जाऊ द्या, एअरफ्लो सेन्सरवर नाही, त्याच्या पुढे थ्रॉटलच्या बाजूला एखाद्या होजच्या तोंडातून. व्होल्टेज उडी मारून ०.८ च्या वर गेलं पाहिजे. दोन्हीकडे चटकन गेलं तर सेन्सर ठणठणीत आहे आणि तुमचे नऊ हजार वाचले. रांगत रांगत गेलं किंवा ०.५ वरच घुटमळलं तर मग खुशाल बदला. काही गाड्यांत पुढे वाइडबँड सेन्सर असतो, तिथे आकडे वेगळे दिसतात, अ‍ॅपमध्ये लॅम्ब्डा येत असेल तर तोच बघा, १ च्या वर लीन आणि खाली रिच.

तुम्ही लिहिलं नाहीत पण गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलंय का? आपल्याकडे बऱ्याच गाड्यांत आता ते असतं आणि मालक सांगायचं विसरतो. किटचे नोझल मॅनिफोल्डला भोक पाडून बसवलेले असतात, तिथलं एखादं सैल झालं की हवा तिथून. शिवाय गॅसचं ट्युनिंग नीट नसेल तर ईसीयू गॅसवर चालताना शिकलेली ट्रिम पेट्रोलवर पण लावतो आणि कोड टाकतो, आणि बिचारा मालक पेट्रोलचा पंप बदलतो. किट असेल तर शंभर-दीडशे किलोमीटर फक्त पेट्रोलवर चालवा, ट्रिम खाली आली तर गाडी माझ्यासारख्याकडे न नेता किटवाल्याकडे न्या.

आणि ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. हा प्रश्न आता रोज येतो. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे शुद्ध पेट्रोलला हवा १४.७ पट लागते तिथे ई१० ला साधारण १४.१ आणि ई२० ला १३.५. तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं, म्हणजे ई१० च्या हिशोबाने बनवलेल्या गाडीत ई२० भरलं तर ट्रिम चारेक टक्के वर सरकते, त्याहून जुन्या ट्युनिंगच्या गाडीत आठ-नऊपर्यंत. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने ई२० सगळीकडे आलं आणि तेव्हापासून मला हे नेहमी दिसतंय. एकट्या ई२० मुळे निरोगी गाडीत पी०१७१ येत नाही. पण जी गाडी आधीच बारीकशा गळतीने +१४ वर चालत होती आणि दिवा लागत नव्हता, ती यामुळे +२० ला पोचते आणि दिवा लागतो, मग सगळे पेट्रोलला शिव्या देतात आणि फाटका होज तसाच राहतो. तुमच्या २५ मधले पाचेक इथेनॉलचे धरले तरी वीस उरतात, ते दुसरीकडूनच आलेत. तुमचं अ‍ॅव्हरेज पंधराचं तेरा झालं त्यातला पण थोडा वाटा याचा असू शकतो, त्यामुळे दुरुस्तीनंतर पूर्ण पंधरा परत आलं नाही तर मेकॅनिकशी भांडू नका.

तोपर्यंत गाडी चालवायची का? दिवा स्थिर असेल तर रोजचं जवळपासचं चालवा, चढावर दाबू नका, नॉकिंगचा खडखड आवाज आला तर पाय काढा. दिवा लुकलुकायला लागला तर ते मिसिंग आहे, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो वितळतो, त्याच्या किमतीत असे पाच सेन्सर येतील. तेव्हा बाजूला घ्या.

सापडलं आणि दुरुस्त केलं की मग कोड उडवा, आधी नाही. लाँग टर्म शून्यावरून परत शिकायला लागेल, ऐंशी-शंभर किलोमीटर मिळून-मिसळून चालवा, थोडं गावातलं थोडं हायवेचं, आणि मग गरम इंजिनाला परत तेच दोन ठिकाणचे आकडे घ्या. पीयूसी काढायची असेल तर ती पण त्यानंतरच.

आज संध्याकाळी गाडी गरम करून २५०० चे दोन्ही ट्रिम आणि त्या वेळचा एमएएफ एवढं पाठवा, आणि जमलं तर मॅनिफोल्डच्या मागच्या बाजूला मोबाइल घालून खालून काढलेला एक फोटो.